बायडाबाईच्या उसातली काणी

"पेटवू नगं तर काय पूजा घालू त्या उसाची?" आकाराम सोप्यातनं ओरडत होता. "वैनी, डोळं हायत न्हवं? निम्म्या उसाला काळं चाबूक आल्यात!"

"निम्म्याला कुठनं? मी काढतो की रोज," बायडाबाई म्हणाली.

"तुम्ही काढतायसा आन् त्ये वाढत्यात!"

आकारामची बायको शालूबाई भाकरी थापत म्हणाली, "अक्कांचा ऊस, अक्का बघतील. रोग आमच्या उसात शिरला म्हंजे मग बोंबला."

बायडाबाई आकारामची थोरली भावजय. नवरा जोतीराम गेला तेव्हा पोटी मूल नव्हतं. सासऱ्यानं कळंब्याच्या वाटेवरची एक पट्टी तिच्या नावानं सोडली, 'पिकवून खा' म्हणून. पट्टीत ऊस उभा होता तोवर तिची चूल वेगळी होती. ऊस गेला की शालूबाईच्या चुलीवर जायचं. म्हणजे काय, ते तिनं चुलतसासूचं, चिमणाबाईचं, पाहिलं होतं. सगळ्यांची जेवणं होईतो ती म्हातारी ताट घेऊन उंबऱ्याशी बसायची. कुणी हाक मारली तर उठायची.

म्हणून बायडाबाई उसाला जिवापाड जपायची. लावणीचं बेणं आपल्याच रानातलं, जाड कांडं निवडून. तोडणीनंतर बुडख्यातून फुटणारा खोडवाही राखायची. गेल्या साली पहिल्यांदा काही उसांच्या शेंड्यातून चाबकासारखा काळा, वाकडा कोंब निघाला. तिनं तो कापला. पुढं रोज कापायची. बांधावर टाकला तर येणारेजाणारे बघतील, नावं ठेवतील, म्हणून पाटीत भरून डोक्यावर घ्यायची आणि सगळ्या सऱ्या तुडवत घरी आणून न्हाणीच्या चुलीत जाळायची. संध्याकाळी तिचे केस, खांदे काजळल्यासारखे असायचे. घासून अंघोळ करायची आणि आज तरी रान स्वच्छ झालं म्हणून निजायची.

भांडण काही मिटेना, तेव्हा आकारामनं शेतकी खात्याच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी एक चाबूक रुमालावर झटकला. रुमाल काळा झाला.

"ही काजळी नव्हे, बाई. ही काणी, उसावरची बुरशी आहे. तिला ना फूल, ना फळ. ही भुकटी हेच तिचं बी. बीजाणू म्हणतात. डोळ्यांना दिसत नाही असा एकेक कण, चिमटीत लाखो. वाऱ्यानं उडतो, उसाच्या डोळ्यावर बसतो, आत शिरतो. कितीतरी महिने ऊस चांगला दिसतो. त्याचंच बेणं लावलं की रोगही त्याच्याबरोबर लावला." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काढत कशा होता?"

बायडाबाईनं सांगितलं.

"पाटीवर काही झाकत होता?"

"न्हाय. कशाला झाकू?"

साहेबांनी सऱ्यांकडं बोट केलं. "आधी चाबकावर पिशवी घालायची, मग कापायचा आणि तिथंच जाळायचा. तुम्ही सगळ्या सऱ्यांतून बी पेरत आणलंत."

आकारामनं पलीकडच्या आपल्या उसाकडं पाहिलं. ते बघणं बायडाबाईला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"औषध मारलं तर, साहेब?" तिनं विचारलं.

"आता नाही. खोडासकट उपटून जाळा. खोडवा नको, बेणंही कुणाला देऊ नका. काही वर्षं इथं ऊस नकोच. भुईमूग करा."

भुईमुगावर त्या पट्टीत एका माणसाचं वरीस निघत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब सायकलवर टांग टाकून गेले.

संध्याकाळी शालूबाईनं भाकरीची परात पुढं ओढली. "अक्का, आता दोन चुली कशाला? माझ्यातच दोन भाकरी जास्त टाकीन. तेवढी भांडी मात्र तुमच्याकडं." आवाज गोडच होता. आकाराम खाली मान घालून तंबाखू मळत राहिला.

बायडाबाईनं पदर खांद्यावर घेतला.

"सकाळी ऊस उपटून पेटवा. मी कबनूरला भावाकडं जातो. तिथं मागावर सुताच्या कांड्या भरायला बायका घेत्यात. माझं ताट हितं वाढू नगा."