वळली, असं मी सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही. आज तुम्हाला का सांगते आहे? ते मलाही नीट कळत नाही.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. अमरावतीत आमच्या घरी रोज गाडीवानांची पंगत उठायची. चुलीशी दोघीच — मी आणि धाकटी जाऊ सगुणा. ती बाळंत झाली. रीतीप्रमाणे सासूबाईंनी तिचं पाणी तोडलं. दिवसाला दोन-चार घोट, तेही उकळलेले. पंधराव्या दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं, ओकाऱ्या झाल्या. आणि एका सकाळी म्हणाली, "बाई, मले काहीच आयकू येत नाई."

सव्वा महिना सरला तरी तेच. सासूबाई म्हणाल्या, "सोंग करून राहिली." मला सांगितलं, तिच्या पाठीमागे परात आपटून पाहा.

मी आपटली. पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागलं. ती — ती डाळ निवडतच राहिली. पोटचं पोर रडतंय आणि आई वळत नाही, असं सोंग कोण करेल? मला तिथेच कळलं. पण ती आजारी ठरली तर सगळी चूल माझ्या गळ्यात. शिवाय तिला मुलगा झाला होता, माझी कूस रिकामी — तेही मनात होतंच. सासूबाई दारात आल्या. मी म्हणाले, "वळली नं."

तिच्यासमोरच म्हणाले. मी आता तिच्या पुढ्यात आले होते; ती माझ्या तोंडाकडे आशेनं बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिला कामाला जुंपलं. आठवड्याभरात जेवणाची टोपली घेऊन कापसाच्या बाजाराकडे निघाली आणि भरल्या गाडीखाली गेली. गाडीवान रडत सांगत होता, "म्या केवढ्या हाका मारल्या, बाई हटलीच नाई."

सरकारी डॉक्टरानं प्रेत उघडून पाहिलं. पाणी तोडल्यानं रक्त घट्ट होऊन मेंदूच्या शिरांत गाठी झाल्या होत्या, जुन्या; कान त्यानंच गेले असतील, म्हणाला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू तं वळली मनली होती?"

"तवा वळली होती," मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

तिचा मुलगा मीच वाढवला. तो मला आई म्हणतो. सगुणा कशी गेली, विचारतो कधीकधी. मी सांगते — गाडीखाली आली.