मेहुण्याची टाकी आणि आमचा दोर

टेंभुर्णीत हवेची टाकी पाठीला बांधून विहिरीत उतरलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा मेहुणा.

त्या उन्हाळ्यात आमची पाण्यातली मोटर विहिरीत तुटून पडली आणि कपारीखाली जाऊन अडकली. गळ टाकून झाले, पोहणारी पोरं थकली, मी तर नुसतं बघूनच थकलो. मोसंबीची पानं वळायला लागली होती. पाणी मिळालं न्हाई तर बाग गेली, हे बायको मला जेवताना, झोपताना, दाढी करतानाही सांगायची. शेवटी तिनं एसटीडीवरून मुंबईला फोन लावला. तिचा एकुलता एक भाऊ विलास तिथं पाणबुड्या होता, जहाजांची बुडं तपासायचा.

विलास टाकी, नळी, चष्मा सगळं घेऊन आला. फक्त बुडी घ्यायला कमरेला बांधतात ते शिसं विसरला. (मला इथूनच कंटाळा आल्ता.) मंग गिरणीवाल्याच्या तराजूची लोखंडी मापं आणून त्याच्या कमरेला बांधली.

"दाजी, दोर तुम्ही धरा," तो म्हणाला. "खालचं टोक मी मोटरीला बांधतो. एक हिसका दिला तर समजायचं, मी ठीक हाये. तीन दिले तरच वढायचं. ध्यानात राहील ना?"

"बिलकुल," मी म्हणालो.

आता आमच्याकडं विहिरीचा गाळ काढताना खालच्यानं टोपलं भरलं की एक हिसका द्यायचा आणि वरच्यांनी वढायचं. माझ्यामागं दोर धरून उभी असलेली भावकी जन्मभर हेच करत आल्ती. मीही त्यातलाच.

तिकडं पाठीवरच्या टाकीमुळं विलासला कपारीत शिरता येईना. मंग त्यानं टाकी पाठीवरून उतरवली, नळी तोंडातच ठेवली, आणि टाकी गाळात घरंगळू नये म्हणून जरा वेळ आमच्याच दोराला पक्की बांधली. सगळं रीतसर. वर काठावरच्या बहिणीला काळजी नको म्हणून एक हिसका दिला.

"वढा रे," मी म्हणालो. मीच म्हणालो!

"मोटर हलकी लागून राह्यली," चुलते म्हणाले.

"पाण्यात वजन कमी होतं, काका," मी ज्ञान पाजळलं.

वर टाकी आली. टाकीला नळी होती, नळीतून हवा फुसफुसत होती, पण नळीच्या टोकाला मेहुणा नव्हता.

बायकोनं टाकीकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. "माझा भाऊ कुठंय?" तेवढ्या वेळात मी मोटर, मोसंबी, जमीन सगळं देवाला देऊन टाकलं.

मंग विलास खोकत वर आला, कमरेची मापं खालीच सोडून. पायरीला धरून बराच वेळ नुसता धापा टाकत बसला.

"दाजी," तो म्हणाला, "मी त्यातून श्वास घेऊन राह्यल्तो."

"मला वाटलं, टोपलं भरलं," मी म्हणालो.

घरचा वरवंटा कमरेला बांधून तो पुन्हा उतरला, पण दोर बहिणीच्या हातात देऊन. एक हिसका आला तशी भावकी पुढं सरली. "हात तर लावून बघा," ती म्हणाली. कुणी लावला न्हाई. तीन आले तेव्हा तिनं वढायला लावलं, आणि मोटर निघाली. बाग वाचली.

तेव्हापासून आमच्या घरात मला दोराला हात लावू देत न्हाईत. परवा नातीच्या पाळण्याची दोरी जरा हातात घेतली, तर बायकोनं ती काढून घेतली. मी गुपचूप देऊन टाकली. लेकरानं पाय झाडून एक हिसका दिला असता, तर मी वढलंच असतं.