अक्काला हॉटेलात जेवू घालण्याचे तीन प्रयत्न

शनिवारी सकाळी सात वाजता जळगाव स्टेशनावर उतरलो आणि रमेशला फोन केला. "पोचलोच," तो म्हणाला. त्याच्या आवाजामागे बादली भरत होती, म्हणून मी बाहेरच्या गाडीवर कचोरी घेतली.

"पाहुणे, कुठं जायचं?" गाडीवाल्यानं विचारलं.

"धुळ्याला."

"मग जळगावला कशाला उतरले?"

"मित्राची गाडी आहे."

"मित्र कुठंय?"

"आंघोळ करतोय."

त्यानं न विचारता द्रोणात आणखी एक कचोरी ठेवली. "मग बसा निवांत."

रमेश आठला आला. हा माझा कॉलेजातला रूम पार्टनर. जळगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो आणि आता दुकानाएवढाच ऐसपैस झाला आहे. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी उभी होती. थंडी चांगली होती, पण रमेशला काच खाली करून गाडी चालवायची सवय आहे.

आता मी ठाण्याहून इकडे कशाला आलो ते सांगतो. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एरवी सकाळी फुलं येतात आणि रात्री गुडघेदुखीवरचे उपाय. मंगळवारी रमेशचा निरोप आला, 'अक्का सोमवारी सुरतेला मुलाकडे चालली. कायमची.' छत्तीस जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी तिकीट काढलं.

अक्का म्हणजे धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या मेसची मालकीण. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही तीस-पस्तीस पोरं तिच्या ओसरीवर जेवायचो. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणून रविवारी दुपारी आम्ही दोन्ही वेळचं एकदाच जेवून घ्यायचो. एका रविवारी वरण-बट्टी होती. (बट्टी म्हणजे जाड्याभरड्या कणकेचे गोळे उकडून, कापून तेलात तळतात. वर वरण, वर तूप. त्यानंतर माणूस संध्याकाळपर्यंत कामातून जातो.) रमेशची आणि माझी पैज लागली. मी सतरा फोडी खाल्ल्या आणि जिंकलो. मग पाणी प्यायला आत गेलो, तर अक्का रिकाम्या पातेल्याशी बसून शिळ्या भाकरीला वरणाची खरवड लावून खात होती. "काय पाहिजे रे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही," आणि पाणी न पिताच बाहेर आलो.

त्याची मला लाज वाटते. साठी आली तरी वाटते. म्हणून तिकीट काढताना ठरवलं होतं ते इतकंच, की अक्का सुरतेला जायच्या आत तिला एकदा पाटावर नाहीतर खुर्चीवर बसवायचं, दुसऱ्या कुणी वाढायचं आणि तिनं पोटभर जेवायचं. रविवारी संध्याकाळी माझी परतीची गाडी होती. मला वाटलं, शनिवारी दुपारीच काम उरकेल.

पांझरेवरचा पूल ओलांडून देवपुरात शिरलो. नदीत पाणी बेताचंच होतं, गल्लीत दुचाक्या मात्र भरपूर. अक्काच्या दोन खोल्यांतलं सामान बांधून झालं होतं आणि ती एका पत्र्याच्या पेटीवर बसली होती. ऐंशीची, पण ताठ.

"कोन शे रे तू?" (कोण आहेस रे तू?)

मी नाव सांगितलं. उपयोग झाला नाही. खोली सांगितली, गाव सांगितलं. रमेश म्हणाला, "अक्का, दिल्या गं! वरण पातळ आहे म्हणून ओरडायचा तो."

"ते तर बठ्ठाच वरडेत." (ते तर सगळेच ओरडायचे.)

तिला जेवायला न्यायला आलोय म्हटल्यावर तिनं मला नीट न्याहाळलं. मुंबईकडं राहून माणसाचं असं होतं, असा तो चेहरा होता. तीस वर्षं मेस चालवली, हॉटेलात मात्र ती एकदाही जेवली नव्हती. शेवटी ती उठली ती माझ्या आग्रहामुळं नव्हे. "चाल. देखू त्या कशा करतस ते," असं म्हणाली. (बघू ते कसं करतात ते.)

पहिला मुक्काम कॉलेजच्या मागच्या शेवभाजीवाल्याकडं. आठ टेबलं, स्टीलचे ग्लास, भिंतीवर 'एक्स्ट्रा रस्सा मागू नये' आणि त्याखाली बसून सगळे एक्स्ट्रा रस्सा मागत होते. दारात घरून डबे घेऊन आलेल्या लोकांची रांग. इकडे शनिवार-रविवारी निम्मी घरं भाकरी घरी करतात आणि रस्सा इथून नेतात. तीन वाट्या आल्या. काळा रस्सा, वर बोटभर तर्री. पहिल्या घासाला मला ऐकू येईनासं झालं. दुसऱ्या घासाला ठाण्यातलं घर आठवलं. तिसऱ्या घासापासून मात्र थांबता येईना.

अक्कानं वाटीत बोट घालून एक शेव दाबली.

"शेव कव्हय टाकी?" तिनं वाढप्याला विचारलं. (कधी टाकली?)

"आत्ताच, आजी."

"दहा मिनिटं झाली हिला," अक्का म्हणाली आणि उठून सरळ भटारखान्यात गेली. मी मागं धावणार, तर रमेशनं हात धरला. "जाऊ दे. तू जेव. तर्री गार होईल."

वीस मिनिटांनी मालक स्वतः बाहेर आला. गोरामोरा झाला होता. त्यानं प्रत्येक टेबलावर कोरड्या शेवेची वेगळी बशी ठेवली आणि सांगितलं, "जेवायला सुरुवात करताना टाका, साहेब." लोकांना फार आवडलं. अक्का आली ती पदराला हात पुसत. तिची वाटी तशीच होती.

"अक्का, जेवा ना."

"मी मांगून जेवसु." (मी मागाहून जेवेन.)

मागून म्हणजे घरी. बाहेर पडताना मालक तिच्या पाया पडला. माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी भरीत. आता चुकायचं नाही म्हणून मी आधी जाऊन जागा पाहून आलो. अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजत होती आणि तो वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. भरीत, कांद्याची पात, कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि तळलेली मिरची. मालकाला बजावलं, "आजींना आत जाऊ द्यायचं नाही." तो म्हणाला, "काळजीच करू नका भाऊ, आत जागाच नाही." मी अक्काला भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि बाहेरच्या बाजूला रमेशला. त्याला ओलांडून जाणं सोपं नाही.

ताटं आली. अक्कानं भाकरीचा तुकडा मोडला. माझा जीव भांड्यात पडला.

शेजारच्या टेबलावर सहा पोरं बसली होती, होस्टेलची असावीत. त्यांची ताटं रिकामी होती आणि वाढपी फोनवर बोलत होता. अक्का पाहत राहिली. तुकडा हातातच. मग तिनं आपलं ताट उचललं आणि रमेशच्या डोक्यावरून पलीकडं दिलं.

"घ्या रे. हात वाळी राह्यनात तुमना." (हात वाळताहेत तुमचे.)

पोरांनी घेतलं. मग ती उठलीच. रमेशला खुर्ची सरकवावी लागली. तिनं टोपलीतल्या भाकऱ्या पोरांना वाढल्या, त्यामागच्या कुटुंबाला वाढल्या, एका एकट्या जेवणाऱ्या कंडक्टरला आग्रह करकरून दोनदा भरीत वाढलं. वाढपी फोनवर "ठेवतो, ठेवतो" म्हणत उभा होता. जाताना पोरांनी तिच्यासोबत फोटो काढले.

"बाई आहे की बला!" मी गाडीत म्हणालो.

"तू उगाच तडफडतोस," रमेश म्हणाला. "दोन वेळा मस्त जेवलास की."

जेवलो होतो, हे खरंच. त्याचाच जास्त राग येत होता.

रविवारी दुपारी शेवटची संधी. देवपुरातल्याच एका कॉलनीत सुनंदाताई नावाच्या बाई घराच्या पुढच्या दोन खोल्यांत फक्त रविवारी वरण-बट्टी घालतात. पाटी नाही. चपलांच्या ढिगावरून घर ओळखायचं. बारा वाजता पोचलो तर पायऱ्यांवर माणसं ताटकळत होती. आम्हाला पंगतीत जागा मिळाली. बट्टी, घट्ट वरण, घोटलेल्या वांग्याची भाजी. सुनंदाताई तुपाचं भांडं घेऊन आल्या, तर अक्कानं ताटावर हात आडवा धरला.

"पहिले बठ्ठास्ले जेवू द्या." (आधी सगळ्यांना जेवू द्या.)

माझा संयम सुटला. "अक्का, दोन दिवस झाले! मी एवढ्या लांबून आलोय. एक घास खायला काय होतंय तुम्हाला?" पंगत वळून पाहू लागली. ऐंशी वर्षांच्या बाईवर खेकसणारा माणूस मीही कधी एवढ्या जवळून पाहिला नव्हता. अक्का शांतपणे म्हणाली, "घास उतरत नही रे. दारात माणसं उभी शेतस."

सुनंदाताईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि मला दाराशी बोलावलं.

"भाऊ, या मेसवाल्या अक्का ना?"

"हो."

"मग यांना गिऱ्हाईक करून कशाला आणलं? आमच्यातलं कुणी बारा वाजता जेवतं का? साडेतीनला या. मागच्या दारानं."

माझी गाडी जळगावहून पाचला. साडेतीनला देवपुरात जेवायला बसलो तर पाचला जळगाव गाठणं शक्य नव्हतं. रमेश घड्याळाकडं पाहत राहिला. मी म्हटलं, "गाडी गेली खड्ड्यात. बसनं जाईन."

साडेतीनला मागच्या दारानं गेलो. पुढच्या खोल्या धुऊन झाल्या होत्या. स्वयंपाकघरात सुनंदाताई आणि त्यांच्या तीन मदतनीस बाया जमिनीवर गोल करून बसत होत्या. कुणाचे पाय लांब, कुणाची पाठ भिंतीला, सगळ्यांच्या हातांना कणीक. एकीनं सरकून जागा केली. अक्का त्यांच्यात जाऊन बसली. ताट स्वतःच ओढून घेतलं. मी दोन दिवस झटत होतो ते काम एका मिनिटात झालं.

मी दारात उभा. सुनंदाताई म्हणाल्या, "बघता काय? वाढा की."

आयुष्यात मी पंगतीला कधी वाढलेलं नाही. पहिली बट्टी सुनंदाताईंच्या मांडीवर पडली. वरण मी ताटाच्या कडेला ओतलं, ते वाहत भाजीत गेलं. "मधे वाढ, मधे," अक्का म्हणाली. तूप जास्त पडलं तेव्हा मात्र कुणी काही बोललं नाही. बाया दुपारच्या गिऱ्हाइकांच्या नकला करत होत्या, अक्का हसत होती आणि जेवत होती. घाई नाही, बोलता बोलता, बोटं चाटत. चार फोडी झाल्या, पाच झाल्या. दारात कुणी उभं नव्हतं.

मला राहवलं नाही. टोपली धरून उकिडवा बसलो आणि सांगून टाकलं. पैज, सतरा फोडी, शिळी भाकरी, सगळं. "त्या रविवारी तुम्हाला काही उरलं नव्हतं अक्का. माझ्यामुळं. तेवढं पोटात ठेवून चाळीस वर्षं हिंडतोय."

अक्का चावत होती. घास गिळून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"कोनता रविवार रे? दर रविवारलेच तसं व्हये." (दर रविवारीच तसं व्हायचं.)

बाया आपापल्या ताटात पाहू लागल्या. एका दिवसाची लाज माझ्या ओळखीची होती, सवयीची होती. बाकीच्या रविवारी मी जेवून उठलो होतो आणि आत डोकावलोच नव्हतो.

"तुना बोलावर बट्टी थंडी व्हई राह्यनी," अक्का म्हणाली आणि ताट पुढं केलं. "आखो एक दे." (तुझ्या बोलण्यात बट्टी गार होतेय. अजून एक दे.)

मी दिली. मग आणखी एक दिली. आठव्या फोडीनंतर तिनं ताटात पाणी घालून हात धुतला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. सुनंदाताईंनी पंखा लावला, थंडी असूनसुद्धा, थोडासा.

संध्याकाळच्या बसनं निघालो. सोमवारी सकाळी ठाण्यात. अक्का त्याच सकाळी सुरतेला गेली, रमेशनं तसं ग्रुपवर कळवलं, छत्तीस जणांनी पुन्हा हात जोडले.

रात्री घरी जेवायला बसलो. बायकोनं पोळी वाढली. मी विचारलं, "तू किती वाजता जेवतेस गं?"

"का?"

"सहज."

"तुम्ही जेवून बातम्या लावता ना, तेव्हा."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली. बातम्या रोज मीच लावतो. जेवण झालं, हात धुतला आणि टीव्हीकडं न जाता स्वयंपाकघरात पोळ्यांचा डबा घेऊन तिच्या ताटाशी जाऊन उभा राहिलो. तिनं दोन मिनिटं काही खाल्लं नाही. मग वर न पाहता विचारलं, "टीव्ही बिघडला का?"