विहीणबाई काळीच घेतात

मी सलग दोन वर्षं बिनदुधाची, बिनसाखरेची काळी कॉफी प्यायले आणि त्यातला एकही घोट मला आवडला नाही.

मग प्यायलात कशाला, असं विचारणारे लोक नशीबवान आहेत. त्यांना लेकीच्या होणाऱ्या सासूसमोर कधी मेनूकार्ड वाचावं लागलेलं नाही.

आमच्या मुक्तानं लग्न स्वतःच ठरवलं होतं. त्यामुळे दोन्ही घरांना एकदा भेटून हसण्यापलीकडे काही काम उरलं नव्हतं. मुलगा अक्षय, तिच्याच कंपनीतला. आईवडील मूळचे अमरावतीचे. वडील वसंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर दोघं मुलाकडे वाघोलीला येऊन राहिले होते. मी शनिवार पेठेतली, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून मोकळी झालेली. भेट ठरली ती वाघोलीच्या एका कॉफी शॉपमध्ये. पुण्यात सध्या कॉफीच्या दोन कंपन्या एकमेकींसमोर दुकानं थाटून बसल्या आहेत. नावं लिहीत नाही. एकीच्या कपावर घुबड असतं आणि दुसरीच्या कपावर जहाज, एवढ्यावर भागेल. भेट घुबडवाल्यांकडे होती.

अक्षयच्या आईनं, सुनंदाताईंनी, कार्डाकडे न बघताच काउंटरवरच्या मुलीला काहीतरी फर्मावलं. त्यातलं 'मीडियम' आणि 'फोम कमी' एवढंच मला कळलं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही काय घेणार? कार्डावर चाळीसेक नावं होती आणि त्यातली निम्मी इटलीची. इटलीचं हवामान, पिकं आणि बंदरं मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतात, पण ती नावं उच्चारायची म्हणजे वेगळंच काम. घरी मी कॉफी घेते ती दुधात उकळलेली, जायफळ घातलेली, तीन चमचे साखरेची. तसं तिथे सांगितलं असतं तर पेठेची अब्रू गेली असती. (असं मला वाटलं. पेठेनं माझ्याकडे तशी काही जबाबदारी दिलेली नव्हती.)

"मी काळीच घेते," मी म्हणाले. "साखर नको. दूध घातलं की कॉफी मरते."

हे वाक्य मी कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत वाचलं होतं. मुक्तानं माझ्याकडे पाहिलं ते दवाखान्यात आई बदलून मिळाल्यासारखं. आमच्या ह्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि ते जन्मभर बसतात तसे गप्प बसले. सुनंदाताई मात्र भारावून गेल्या. कॉफीची इतकी जाण असलेलं माणूस आपल्या नात्यात येतंय, याचा त्यांना मनापासून आनंद झाला. माझी अडचण तिथूनच सुरू झाली, कारण सुनंदाताई स्वभावानं प्रेमळ निघाल्या.

लग्नात पंगतीला सगळ्यांना मठ्ठा होता, माझ्यासाठी वेगळा थर्मास होता. पहिल्या वाढदिवसाला त्यांनी मला चिकमगळूरहून मागवलेल्या बिया दिल्या, दुसऱ्याला त्या दळायचं यंत्र. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्हाला वाघोलीला जेवायला बोलावणं असे आणि जेवणानंतर काचेच्या भांड्यातून माझ्यासाठी ते डांबर गाळलं जाई. शेजारच्या बायकांना त्या मुद्दाम बोलावून घेत आणि सांगत, "आमच्या विहीणबाई काळीच घेतात." बायका माझ्याकडे, मी निखाऱ्यांवरून चालत असल्यासारखं बघत. मी हसून घोट घेत असे.

त्यात आणखी एक भर मी स्वतःच घातली. सुनंदाताई पक्क्या घुबडवाल्या. त्यांचे सोफे चांगले, कॉफी मऊ, मुली बोलायला गोड. नुसतं हो हो म्हणणं जाणकाराला शोभत नाही, म्हणून एका रविवारी मी म्हणाले, की बिया भाजाव्यात तर जहाजवाल्यांनी. झालं. तेव्हापासून महिन्याला एकदा दोन्हीकडची काळी कॉफी आणून माझ्यापुढे ठेवायची पद्धत पडली आणि मी डोळे मिटून निकाल द्यायचा. खरं सांगायचं तर घुबडांची कॉफी करपलेल्या भाकरीसारखी लागायची आणि जहाजांची करपलेल्या पोळीसारखी. फरक फक्त धान्याचा होता.

अशा एका निकालाच्या निमित्तानं मी जहाजवाल्यांच्या दुकानात गेले असताना तिथे मला आइस्क्रीम घातलेली थंड कॉफी दिसली. उंच ग्लास, वर मलईचा डोंगर, त्यावरून चॉकलेटचे ओहोळ. मी ती मागवली. दोन वर्षांत पहिल्यांदा कॉफी पिताना माझ्या चेहऱ्याला अभिनय करावा लागला नाही.

पुढच्या आठवड्यात परत जावंसं वाटलं, पण पेठेजवळच्या दुकानात ओळखीचं कुणी भेटलं तर? माझ्या निम्म्या विद्यार्थिनी तिथेच बसलेल्या असतात. वाघोलीचा तर प्रश्नच नव्हता. मी नकाशा डोळ्यांसमोर आणला आणि कात्रज निवडलं. कात्रजला आमचं कुणीही नाही. दर बुधवारी दुपारी मी बसनं जायचे आणि घरी सांगायचे की तिथल्या डेअरीतून तूप आणायला जाते. पुरावा म्हणून खरंच तूप आणावं लागे. आमच्या कपाटात तुपाचे नऊ डबे जमले तरी ह्यांनी काही विचारलं नाही. ते फक्त भातावर जास्त तूप घेऊ लागले.

चौथ्या की पाचव्या बुधवारी मी माझा ग्लास घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाकडे निघाले, तर तिथे दाराकडे पाठ करून एक गृहस्थ बसले होते. समोर माझ्यासारखाच ग्लास. त्यांनी वळून पाहिलं आणि पटकन मेनूकार्ड तोंडासमोर धरलं. कार्ड लहान होतं आणि वसंतरावांच्या मिशा मोठ्या होत्या.

वसंतरावांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. सुनंदाताई त्यांना घरात गुळाचा खडासुद्धा दिसू देत नाहीत. कात्रजच्या तळ्यावर फिरायला जातो, असं सांगून ते शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येत होते, कारण कात्रजला त्यांचंही कुणी नव्हतं. मी समोरची खुर्ची ओढून बसले. मग मी त्यांच्या साखरेबद्दल विचारलं.

"एकच दिवस तर घेतो ना जी," ते म्हणाले. मग माझ्या ग्लासाकडे बघून हळूच विचारलं, "पण तुम्ही तर काळी घेता."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी हेडफोन काढले. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले की सुनंदाला यातलं काही कळता कामा नये. खरं तर त्या क्षणी मी त्यांचा ग्लास उचलून बाजूला ठेवायला हवा होता. नात्यातली, वयानं जाणती बाई. पण माझं गुपित त्यांच्या हातात होतं, त्यामुळे मी फक्त "जपून हो" एवढंच म्हणाले आणि माझी स्ट्रॉ तोंडात धरली.

पुढचे दोन महिने आम्ही दर बुधवारी एकाच टेबलावर बसलो. वसंतरावांचं मत असं की कॅरॅमल घुबडवाल्यांचं चांगलं, पण आइस्क्रीम जहाजवाल्यांचं. मला ते पटलं. कॉफीबद्दलचं माझं पहिलं प्रामाणिक मत मी व्याह्यांसमोर मांडलं.

पुढच्या रविवारी वाघोलीला जेवणं चालू असताना अक्षय फोन बघत म्हणाला, "आई, माझा नंबर कोणीतरी यूज करतंय. दर वेन्सडेला मेसेज येतो. दोन कोल्ड कॉफी विथ आइस्क्रीम, कात्रज. पॉइंट्स मला मिळतायत."

माझा घास हातातच राहिला. वसंतराव छताकडे पाहू लागले. बिल करताना दुकानातली मुलगी फोन नंबर विचारते, आणि वसंतरावांना स्वतःचा नंबर कधीच पाठ नव्हता. मुलाचा होता. सुनंदाताईंना मात्र आनंद झाला. जहाजवाले लबाड आहेत, खोटी बिलं फाडतात, हे त्यांनी पहिल्यापासून ओळखलं होतं म्हणे. आता बुधवारी अक्षयनं सुट्टी काढावी, आपण दोघं कात्रजला जाऊन त्यांना रंगेहाथ पकडू, असं त्यांनी भाजी वाढता वाढता ठरवून टाकलं. मला त्यांनी जाणकार म्हणून बरोबर येण्याचं आमंत्रण दिलं. मी म्हणाले, बुधवारी मला तूप आणायचं आहे.

एवढं सगळं समोर घडल्यावर कुठल्याही शहाण्या माणसानं बुधवारी घरी बसावं. मीही बसणार होते. पण वसंतराव जेवणभर छताकडेच पाहत होते. बेत त्यांच्या कानात शिरला की नाही, याची मला खात्री वाटेना. त्यांना फोन करावा तर तो सुनंदाताई उचलतात. म्हणून त्यांना सावध करायला मी लवकर निघाले. दुकानात शिरले तर ते आधीच बसलेले. मी कुठल्या तुपासाठी कुठे निघाले आहे हे त्यांना ठाऊक असल्यानं ते मला सावध करायला आले होते. दोघं एकमेकांना सावध करून उठलो असतो, तर काही बिघडलं नसतं. पण वाट बघता बघता त्यांनी सवयीनं दोन ग्लास सांगून ठेवले होते आणि ते आले. टाकून द्यायचे म्हणजे पाप.

काचेच्या दारातून सुनंदाताई दिसल्या तेव्हा माझ्या हातून आयुष्यातलं एकमेव शूर कृत्य घडलं. मी वसंतरावांचा ग्लास ओढून माझ्यापुढे घेतला.

सुनंदाताई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. मागे अक्षय. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दोन ग्लासांकडे.

"दोन्ही तुमचेच?"

"हो," मी म्हणाले.

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी वाटी घेऊन आली आणि वसंतरावांपुढे ठेवत म्हणाली, "अंकल, तुमचं एक्स्ट्रा आइस्क्रीम."

मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. वसंतरावांनी तळ्याचं कबूल केलं, मी काळ्या कॉफीचं. थर्मास, बिया, डोळे मिटून दिलेले निकाल, सगळं सांगितलं. वर्गात खोटं पकडल्या गेलेल्या मुली कशा उभ्या राहायच्या, ते मला तेव्हा आतून कळलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांच्या बोलण्यातलं सगळं पुणं उतरलं.

"मले काऊन नाही सांगतलं तुम्ही?" त्या म्हणाल्या. "इथं मले कोणी ओळखीचं नव्हतं. तुमच्यासाठी म्हणून मी त्या काळ्या कॉफीचं सारं शिकली."

मला मान वर करता येईना. गेली दोन वर्षं मी माझ्याच अब्रूची काळजी वाहत होते. समोरची बाई नव्या शहरात एक मैत्रीण शोधत होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, पर्स उचलली आणि अक्षयला गाडी काढायला सांगितली. नवऱ्याचं रक्त आत्ताच्या आत्ता तपासायचं होतं. लॅबमध्ये वसंतरावांचं रक्त काढून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून तिथल्या माणसाला सांगितलं, यांचंही घ्या. मला काही होत नाही, असं मी म्हणत होते. त्या म्हणाल्या, तुमच्या म्हणण्यावर आता माझा विश्वास नाही.

संध्याकाळी निकाल आले. वसंतरावांची साखर दोनशे दहा. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि रागावले, एवढ्यावर निभावलं. माझी दोनशे साठ. डॉक्टरांनी मला विचारलं की घरात कुणाला मधुमेह आहे का. मी म्हणाले, व्याह्यांना.

दोन आठवडे सुनंदाताई माझ्याशी बोलल्या नाहीत. मुक्ताही जेवढ्यास तेवढं बोलत होती. मग एका सकाळी तिच्या हातून एक बाटली आली, गडद हिरव्या रसानं काठोकाठ भरलेली. कारल्याचा रस, त्यांनी पहाटे उठून स्वतः काढलेला. मी नाक दाबून एक पेला घशाखाली उतरवला. डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच फोन वाजला. सुनंदाताईच होत्या. आवाज पूर्वीसारखाच प्रेमळ.

"खरं सांगा हं विहीणबाई," त्या म्हणाल्या. "फार कडू लागला का?"

इतक्या दिवसांनी त्या बोलत होत्या. मी डोळे पुसले.

"छे हो," मी म्हणाले. "मला तर मुळात कडूच आवडतं."

दुसऱ्या दिवसापासून रोज दोन बाटल्या येतात.