अंतराळयानाच्या आधी अप्पांना सुचलं

मंडळी, आज नाताळची सुट्टी, म्हणून कॉलेजच्या दोन मैत्रिणी नाशिकहून आमच्या मळ्यात आल्या होत्या. आमच्या लाडक्या अंतराळ-मालिकेचा नाताळ विशेष भाग दुपारी टीव्हीवर होता ना!

माझे वडील, अप्पा, द्राक्षबागेतून आले ते तसेच मातीच्या पायांनी आमच्यात बसले. त्यांना इंग्रजी कळत नाही, म्हणून मी मराठीत सांगत होते. खरं सांगू? मैत्रिणींसमोर मला जरा लाजच वाटत होती.

तर गोष्टीत यानातली रोपं थंडीने मरायला लागली. नाताळला यानातली पोरं उपाशी राहणार! शास्त्रज्ञांनी हात टेकले.

तेवढ्यात जाहिराती लागल्या. अप्पा म्हणाले, "कोमट पाणी सोडा म्हणावं रोपांना. आपण नाय का, कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेला विहिरीचं कोमट पाणी सोडत?"

मैत्रिणी हसल्या.

जाहिराती संपल्या आणि यानाच्या कप्तानाने इंजिनाजवळच्या टाकीतलं कोमट पाणी रोपांना सोडलं! मैत्रिणींनी अप्पांसाठी टाळ्या वाजवल्या.

अप्पा उठले. "लय उशिरा सुचलं त्यांना," म्हणाले आणि बागेत निघून गेले.

माझे वडील आहेत हे! पण हे अभिमानाने सांगायचं मलाही उशिराच सुचलं. तुम्हाला?