भागीरथीबाईंसाठी व्हीलचेअर

चहा ओता आधी, कोरड्या घशानं हे सांगवणार नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाकडून तुमच्या कानावर आलं असेल तर विसरा. त्यांनी तिखटमीठ लावलंय. खरं तर त्याची काही गरज नव्हती, माझी फजिती मुळातच झणझणीत आहे.

उभी नोकरी मी वीज ऑफिसच्या तक्रार खिडकीत काढली. समोरचा माणूस घरात अंधार आहे म्हणून कळवळून सांगत असताना चेहरा ऐकल्यासारखा ठेवायचा आणि मनात दुसरंच चालू द्यायचं, एवढी एक विद्या मी तिथं मिळवली. निवृत्तीनंतर ती वाया जाईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात माझी बायको सुलोचना गेली. पेणचं आमचं चर्च लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात. पहिले काही दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. डबे येत होते, गीतं होत होती, प्रार्थना होत होत्या. मग गीतं थांबली, मग डबे थांबले. लोकांना आपापली घरं असतात, मी कुणाला दोष देत नाही. म्हणजे देतो, पण मोठ्यानं देत नाही.

मुलगी नाशिकला. ती आठवड्याला फोन करते आणि तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली की ठेवते. त्या कुकरला इतक्या वेळेवर शिट्टी कशी होते, हे मला अजून कळलेलं नाही.

मग बोलायचं कुणाशी? रविवारची उपासना संपली की मी चर्चच्या पायरीवर उभा राहायचो. जो बाहेर येईल त्याला धरायचो. सुलोचनाला कुठलं औषध मानवलं नाही, डॉक्टर काय म्हणाले, त्यावर ती काय म्हणाली, सगळं पहिल्यापासून. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की रविवारी दुपारी आपल्या मंडळीला फार कामं असतात. कुणाचा गॅस चालू राहिलेला असायचा, कुणाकडे पाहुणे आलेले असायचे. स्त्रीमंडळाच्या सुमनताई तर मागच्या दारानं जायला लागल्या. मागच्या दाराशी चिखल असतो, तरीसुद्धा.

अशात दिवाळीनंतर एकदा आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या पाद्रींनी, मला बोलावून घेतलं. तरुण माणूस आहे, बोलायला मऊ. म्हणाले, काका, आपल्या भेटसेवेसाठी तुमची गरज आहे. भेटसेवा म्हणजे आजारी, एकट्या माणसांच्या घरी जाऊन थोडा वेळ बसायचं, आमच्याकडे ही पद्धत जुनी आहे. रोह्याच्या पुढं कोलाडच्या वाटेला एक वाडी आहे, तिथं भागीरथीबाई म्हणून एक विधवा बाई राहतात. आपण रोह्यात डोळ्यांचं शिबिर घेतलं तेव्हा त्यांचा मोतीबिंदू काढून दिला होता. दर बुधवारी दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसाल का?

हे सगळं त्यांनी खाली बघत सांगितलं. मला वाटलं, नम्रता.

मी लगेच हो म्हणालो. मनात म्हटलं, एवढ्या माणसांतून पाळकांना मीच दिसलो. देवाला अजून आपला काही उपयोग आहे तर.

झालं, माझे बुधवार सुरू झाले. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत बायबल आणि बिस्किटांचे पुडे. पेणहून रोह्याची गाडी, स्टेशनबाहेरून मिनीडोर रिक्षा, पुढं थोडं चालणं. भागीरथीबाई पडवीत खाटेवर बसलेल्या असायच्या. उन्हानं रापलेली, सडपातळ बाई, डोक्यावर पदर, पाय लांब केलेले. सून रंजना चहा आणून द्यायची आणि जी आत जायची ती मी निघेपर्यंत बाहेर यायची नाही.

मी बसायचो आणि बोलायचो. काय बोलायचो ते आता तुम्हाला माहीत आहे. भागीरथीबाई अधूनमधून “व्हय” म्हणायच्या, मध्येच “अरेरे” म्हणायच्या. एवढी चांगली श्रोती मला जन्मात भेटली नव्हती. निघताना मी एक स्तोत्र वाचायचो, प्रार्थना करू का विचारायचो, त्या “करा की” म्हणून हात जोडायच्या. घराणं शंकराचं, पण माझ्या प्रार्थनेला त्यांनी कधी डोळे उघडले नाहीत. मी फार लांबवायचो तरी.

एका बुधवारी मी निघायला उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, “पाय पार मोडून आलेत बघा. आता उठवत नाय.”

बस. एवढं एक वाक्य. मी पुढं विचारलं का, कशानं, कधीपासून? नाही विचारलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे ही बाई चालू शकत नाही! म्हणून बिचारी कायम खाटेवर असते. इतके महिने मी येतोय आणि तिनं एकदाही तक्रार केली नाही. गाडीत माझे डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब बाहेरगावी गेले होते. उपासनेत साक्ष, म्हणजे देवाच्या कामाचा आपला अनुभव, कोण देणार म्हणून विचारलं तसा मी उभा राहिलो. आणि काय सांगू, मला वाचाच फुटली. कित्येक वर्षं उंबरठा न ओलांडलेली बाई, मी म्हणालो. घरच्यांनी टाकून दिलेली, मी म्हणालो, कारण रंजना आतच बसायची ना. दारातून दिसणारं शेत बघून जी उसासे टाकते, असंही म्हणालो. हे उसासे कुठून आले, देव जाणे. बहुतेक माझी प्रार्थना संपली की येत असावेत.

पण सुलोचना गेल्यापासून पहिल्यांदा माणसं माझं पूर्ण ऐकत होती. सुमनताईंनी डोळ्यांना रुमाल लावला. त्यांच्या ओळखीच्या एका घरात जवळजवळ नवी व्हीलचेअर पडून होती, ती द्यायचं तिथल्या तिथं ठरलं. येत्या शनिवारी सगळ्यांनी टेम्पोनं जायचं, स्त्रीमंडळानं गीत म्हणायचं, आणि खुर्ची माझ्या हातून द्यायची. त्या दिवशी सुमनताई पुढच्या दारानं गेल्या, माझ्याशी बोलत.

पाळकसाहेब परतले आणि त्यांचा फोन आला. म्हणाले, काका, भागीरथीबाईंचं जरा वेगळं आहे. मी म्हटलं, मला नका सांगू साहेब, मी जवळून पाहिलंय. ते म्हणाले, पण आधी माझं ऐकून घ्या. मी म्हटलं, तुम्ही फक्त आशीर्वाद द्या. असं तीन-चारदा झालं. शेवटी ते म्हणाले, बरं, मीही येतो.

त्या बुधवारी मी वाडीला गेलोच नाही. म्हटलं, एकदम शनिवारी जाऊ, त्यांना कळायला नको.

शनिवारी सकाळी निघालो. खुर्चीला रिबीन, खुर्चीवर हार. गडबपर्यंत गीताची तालीम झाली, नागोठण्याला चहा झाला. पाळकसाहेबांनी चहा घेतला नाही. पोट बरं नाही म्हणाले.

वाडीत पोचलो तर पडवीतली खाट रिकामी. रंजना बाहेर आली, एवढी माणसं बघून गोंधळली. मी विचारलं, बाई कुठं आहेत? ती म्हणाली, शेतावर. मी विचारलं, कुणी नेलं त्यांना? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, नेतंय कोण, वाल उपटायला गेल्यात.

तेवढ्यात बांधावरून भागीरथीबाई आल्या. डोक्यावर वालाच्या वेलांचा हा एवढा भारा, तो एका हातानं धरलेला, दुसरा हात मोकळा हलतोय, आणि चाल अशी की आमच्या तरुण संघातलं कुणी बरोबर टिकलं नसतं. सुमनताईंनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. बाई अंगणात आली म्हणजे गीत सुरू करायचं, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी सुरू केलं. दुर्बळांना आधार देणाऱ्या देवाचं गीत होतं.

भागीरथीबाईंनी भारा एकटीनं खाली टाकला. पदरानं तोंड पुसलं. खुर्ची बघितली, हार बघितला, मग मला बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“काका, पडलात कुठं?” त्या म्हणाल्या. “म्हनून बुधवारी आला नाय व्हय? रंजना, पानी आन गो. बसवा त्यांना, उभं नका ठेवू.”

आणि त्यांनी माझा दंड धरून मला त्या खुर्चीत बसवलं. खरंच बसवलं. हाताला काय जोर होता! गीत दुसऱ्या कडव्यात विरून गेलं. हार माझ्या पाठीखाली चिरडला.

कुणीतरी हसायला पाहिजे होतं. कुणी हसलं नाही, तेच वाईट. मी खुर्चीतूनच म्हणालो, पाय तुमचे दुखतात ना, बुधवारी तुम्ही खाटेवर बसलेल्या असता.

त्या म्हणाल्या, “तुमी येता म्हनून बसते. पाद्रीसाहेब आलते सांगायला. बोलले, आमच्या काकांचं मानूस गेलंय, घरात बोलायला कोन नाय, बुधवारचे तुमच्याकडं येऊन बसले तर चालंल का? माझं डोळं तुमी लोकांनी करून दिलं. मी नाय कसं बोलू? पहाटे शेतावर जाते, तुमच्या टायमाला घरी येते. मंग पाय दुखनार नाय तर काय.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. रंजनानं पाणी आणलं. मी ते प्यालो. दुसरं काय करणार?

त्यांनी सगळ्यांना जेवून जा म्हटलं, पण कुणाला थांबवेना. निघताना भागीरथीबाईंनी प्रत्येकाच्या पिशवीत ओल्या वालाच्या शेंगा घातल्या. खुर्ची आम्ही परत टेम्पोत चढवली.

येताना मी पाळकसाहेबांच्या शेजारी बसलो. नागोठणं मागं पडलं, मग राहवलं नाही. विचारलं, मला सोबत पाहिजे होती तर एवढ्या लांब रोह्याला कशाला पाठवलंत? पेणमध्ये आपली एवढी मंडळी आहे. आपण एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतो.

ते हळूच म्हणाले, “आधी आपल्यातच विचारलं होतं, काका. घरोघर जाऊन विचारलं. आठवड्यातून एक दुपार. कुणाला जमेना.”

टेम्पोत सगळ्यांना ऐकू गेलं. सुमनताई मांडीवरच्या शेंगा निवडायला लागल्या. चांगल्या बाजूला काढाव्यात तर सगळ्याच चांगल्या होत्या, तरी निवडत राहिल्या. मी बाहेर बघत बसलो. राग कुणाचा करायचा, तेच कळत नव्हतं. पाळकांचा करावा तर ते एकटेच माझ्यासाठी घरोघर फिरले होते. मंडळीचा करावा, तर ज्या माणसाला ऐकताना मागच्या दाराचा चिखल बरा वाटतो, तो माणूस मीच होतो. सगळ्यांना नको झालेला म्हातारा एका शेतकरी बाईच्या पडवीत नेऊन ठेवला होता. तिनं मोतीबिंदूची परतफेड म्हणून त्याला सांभाळला. आणि तो जाताना बिस्किटं न्यायचा, सेवा करायला.

पुढच्या बुधवारी जायचं नाही असं ठरवलं. सकाळपासून तीनदा ठरवलं. मग शर्टाला इस्त्री केली आणि गेलो. मनाशी पक्कं केलं होतं, आज सुलोचनाचं नाव काढायचं नाही. आज आपण ऐकायचं.

भागीरथीबाई खाटेवर बसलेल्याच होत्या. मी त्यांना तसं सरळ सांगितलं. म्हटलं, इतके महिने मीच बडबडलो, तुमचं काही विचारलं नाही, माझं चुकलं. आज तुम्ही बोला. मी बाकावर टेकून बसलो. त्यांनी मग सुरुवात केली, लग्न होऊन या वाडीत आल्या तेव्हापासून. सासरा कसा होता, पहिलं पोर कसं गेलं, हे मी ऐकलं. खरंच ऐकलं. पुढं नवऱ्याच्या आजारपणाचं काहीतरी होतं.

जागा झालो तेव्हा ऊन अंगणातून निघून गेलं होतं. माझ्या मानेखाली उशी होती. खाट रिकामी होती आणि घरामागच्या खळ्यातून काहीतरी झोडपल्याचा आवाज येत होता.

रंजना सूप घेऊन तिकडेच चालली होती. मी धडपडत उठायला लागलो तशी म्हणाली, “झोपा काका, झोपा. आई बोलल्या, त्यांना उठवू नको. आज पयल्यांदा बुधवारच्या दुपारी वाल झोडून व्हतायत.”