कमानीतला शेवटचा खिळा

भाद्रपदातला शेवटचा रविवार, गडाच्या दरवाजाच्या दुरुस्तीचा. हजर: मी, लोणावळ्याचे हार्डवेअरवाले चाचा त्यांच्या शिडीसह, आणि पायथ्याच्या गावातल्या मावशी. गैरहजर: माझे यजमान. कारण गुडघा.

दसऱ्याला गडाच्या दरवाजावर मावशींच्या घरचं तोरण चढतं. ते टांगायला कुणी ना कुणी कमानीच्या सांध्यात लोखंडी खिळा ठोकत आलं. प्रेमानेच. पण कमानीचे दगड एकमेकांना रेटून उभे असतात. खिळा गंजून फुगला की चुना सुटतो, दगड ढिला होतो. माथ्यावरचा मधला दगड यंदा बोटभर खाली आला होता, आणि दसऱ्याला त्याच्याखालून सगळा गाव जाणार. खिळे काढायची पुरातत्त्व खात्याची परवानगी मी उन्हाळ्यातच मिळवली होती. मावशींची तेवढी बाकी होती.

"पितरपाटात कसलं काम काढता वो?" मावशी म्हणाल्या. "आन् तोरण काय माज्या डोक्याव बांदायचं?"

"चालेल की. दसऱ्याला तुम्हीच उभ्या राहा," शिडीवरून चाचा.

"तुमी खाली उतरा, मग सांगते."

मी कमानीच्या मागे वर बोट दाखवलं. दरवाजाच्या फळ्या कधीच गेल्या, पण त्यांचे खुंट ज्यांत फिरायचे ते भोकांचे दगड दोन्ही भिंतींतून अजून पुढे आलेले आहेत. त्यांत दोरी ओवली की काम झालं.

"आतल्या अंगाला? भायेरनं येनाऱ्याला दिसंल का?"

दोरी मी आणलीच होती. ओवली आणि तोरणाच्या जागी तिच्यावर चाचांचा टॉवेल टाकला. हा दरवाजा बुरुजाआड लपवलेला, वळण घेईपर्यंत दिसत नाही. मावशी वळणापलीकडे उतरल्या आणि पाहुण्यासारख्या पुन्हा चढून आल्या.

"दिसतंय. पर टावेल धुवा."

दुपारपर्यंत खिळे निघाले, एक सोडून. तो मधल्या दगडाला चिकटूनच. चाचांनी पकड लावताच वरून चुन्याचा भुगा पडला.

"बस," मी म्हणाले.

"अहो, राहिला तर दसऱ्याला कुणीतरी त्यालाच माळ अडकवणार!"

"कोन अडकिवतो ते बगतेच मी," मावशी म्हणाल्या.

उतरण्याआधी यादीत लिहिलं: दसऱ्याआधी मधल्या दगडाला लाकडी टेकू, मग चुन्याचं काम जाणणारा गवंडी, मग खिळा. टेकूचं लाकूड परंदवडीच्या वखारीत बघून ठेवलं, दसऱ्याआधी ते दगडाखाली लागलंही. गवंडी मात्र अजून शोधतेच आहे.